गेलेला टॅग न हलवल्याबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

हंगामात बोलायला उसंत मिळाली नाही, म्हणून चारचौघांत लिहितो. लातूरच्या आडत दुकानांत आपल्या प्रोग्रॅममधून शेतकऱ्याची हिशोबपट्टी निघते. वजन, भाव, हमाली, तोलाई. सोयाबीनची आवक जोरात असताना आकडा चुकला तर जाब विचारायला शेतकरी समोरच उभा असतो.

अशाच गर्दीत एका दुकानातून फोन आला, तोलाई जास्त लागतेय. तुम्ही एवढंच विचारलंत, "पट्टीच्या तळाशी काय छापलंय?" त्यांनी वाचलं, २.४.०-७ आणि पुढे कमिटची, म्हणजे गिट या कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममधल्या एका नोंदीची, खूण. म्हणजे २.४.० च्या टॅगनंतर, त्या आवृत्तीला दिलेल्या नावाच्या खुणेनंतर, सात कमिट पुढचा कोड. चाचणीची प्रत दुकानात राहिली होती, हे कॉम्प्युटरला हात न लावता कळलं. गिट डिस्क्राइब या आज्ञेतून निघणारा हा आकडा पट्टीवर छापायचा हट्ट तुमचाच. ते मुळात माहितीसह केलेलेच टॅग धरतं, म्हणून नुसता टॅग तुम्ही कधी चालू दिला नाही. कोणी काढला, कधी, त्यात काय बदललं, हे लिहिल्याशिवाय टॅग नाही. आणि साध्या पुशबरोबर, म्हणजे आपला कोड सगळ्यांच्या सामायिक साठ्यात पाठवताना, टॅग जात नाही, तो आठवणीनं वेगळा पाठवायचा, हेही तुम्हीच अंगवळणी पाडलंत.

पण खरे आभार त्या संध्याकाळचे. दुरुस्ती झाली, दुकानदार घाईला आलेले, आणि २.४.० चाच टॅग पुढं सरकवू असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. तुम्ही म्हणालात, "एकदा पुश झालेल्या टॅगला हात लावायचा नाही. २.४.१ काढा." ज्यांनी जुना टॅग आधीच घेतलाय त्यांच्याकडे तो तसाच राहतो, २०१८ च्या २.२० आवृत्तीपासून गिट फेच, म्हणजे साठ्यातले नवे बदल आणायची आज्ञा, तो जबरदस्ती केल्याशिवाय बदलत नाही. एकाच नावाखाली दोघांकडे दोन कोड, आणि तेही पैशाच्या हिशोबात! त्या घाईत तुम्ही ठाम राहिलात, याचं मोल मला फार वाटतं.

आता हिंगोलीच्या हळदीसाठी ३.०.० काढतोय. हळदीची लांब कांडी आणि गोल गट्टू यांचा भाव वेगळा धरायचा तर डेटाची रचनाच बदलते, जुन्या फाइली तशाच उघडणार नाहीत, म्हणून पहिला आकडा वाढवला. टॅगचा मजकूर लिहून ठेवलाय. पुश करण्याआधी एकदा नजरेखालून घाला.

तुमचा,
लातूरचा सहकारी