घळईची वाट समजावून देणाऱ्या दादांस

आदरणीय दादा,

सादर नमस्कार.

जूनच्या अखेरीस झालेली, कॅलिफोर्नियातल्या डोंगरांतून धावायची 'वेस्टर्न स्टेट्स'ची शंभर मैलांची शर्यत मी तीस तासांच्या मुदतीत पूर्ण केली. शेवटचे अडतीस मैल तुम्ही पेसर, म्हणजे धावपटूला सोबत करणारा साथीदार, म्हणून माझ्याबरोबर होता, त्यामुळे त्याचे वर्णन तुम्हांला ऐकवण्याची गरज नाही, आणि त्या रात्रीबद्दलचे आभार मी ऑबर्नला, शर्यत संपते त्या मैदानावर, मानलेही आहेत. हे पत्र त्याआधीच्या मदतीसाठी आहे. वसंत ऋतूत वाटदुरुस्तीच्या कामाला तुम्ही मला अमेरिकन नदीच्या घळईत घेऊन गेलात, हातात अवजार दिलेत आणि काम करता करता तो सगळा मार्ग समजावून सांगितलात. त्या समजावण्याचा उपयोग या शर्यतीची तयारी करणाऱ्या इतर मराठी धावपटूंनाही व्हावा, म्हणून हे आभार खासगीत न मानता उघडपणे मानत आहे.

या शर्यतीत उतरणाऱ्या प्रत्येकाला आठ तास स्वयंसेवा करावी लागते. कोणी एखाद्या शर्यतीत पाणी वाटून ती पूर्ण करतो, कोणी वाटेवरची झुडपे तोडतो. तुम्ही मात्र आग्रह धरलात की जिथे माझे पाय सर्वांत जास्त थकणार आहेत, नेमक्या त्याच भागात मी काम करावे. मिशिगन ब्लफ या वस्तीवरून एल डोराडो ओढ्याकडे उतरणाऱ्या वाटेवर आपण गेलो, ते त्यामुळे.

तिथे जाण्यापूर्वी तुम्ही मार्गाचा चढ-उतारांचा आलेख माझ्यासमोर ठेवला होता. तो आलेख पाहणाऱ्याचा पहिला समज असा होतो की ही शर्यत उताराची, म्हणून सोपी असावी. सुरुवात ऑलिम्पिक व्हॅलीत सुमारे ६,२०० फुटांवर होते आणि शेवट ऑबर्नला त्याच्या कितीतरी खाली. एकूण चढ १८,००० फुटांहून थोडा अधिक, तर उतार जवळजवळ २३,००० फूट. तुम्ही सांगितलेत की खरी अडचण याच उतारात आहे. चढावर दम लागतो, पण थोडे सावकाश चालले की तो परत येतो. उतारावर मात्र मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचे वजन तोलून धरतो, त्यात त्याचे बारीक तंतू तुटतात, आणि ते काही तासांत भरून येत नाहीत. सकाळी उतारावर मजेत सोडून दिलेल्या वेगाची वसुली रात्री होते, आणि ती व्याजासकट होते. या एका माहितीवर माझ्या शर्यतीचा सगळा आराखडा उभा राहिला.

सुरुवातीच्या उंच भागाबद्दल तुम्ही फारसे बोलला नाहीत, आणि ते योग्यच होते. पहिल्या साडेचार मैलांत २,५५० फूट चढून ८,७५० फुटांवरच्या एमिग्रंट पासला पोहोचायचे आणि पुढे ग्रॅनाइट चीफच्या राखीव रानातून जायचे, एवढेच. या रानातून जाण्यासाठी मिळणाऱ्या विशेष परवानगीमुळे शर्यतीत ३६९ धावपटूंनाच घेता येते, ही माहिती दिल्यावर तुम्ही एक वाक्य जोडलेत, की ज्याला ही जागा मिळते त्याने ती वाट आपल्या हाताने एकदा तरी झाडावी.

आता त्या दिवसाबद्दल. तुम्ही माझ्या हातात दिलेले मॅक्लाउड हे अवजार मी पूर्वी पाहिलेही नव्हते. एका बाजूला रुंद पाते, दुसऱ्या बाजूला जाडजूड दाते, आणि दांडा माझ्या खांद्याच्याही वर. दात्यांनी पालापाचोळा आणि सुटे दगड ओढायचे आणि पात्याने माती कापून सपाट करायची. मी वाट अगदी समतल करू लागले, तेव्हा तुम्ही थांबवलेत. आपल्या बाटलीतले थोडे पाणी तुम्ही मी नुकत्याच सारख्या केलेल्या मातीवर ओतलेत आणि ते कुठे जाते ते पाहायला सांगितलेत. पाणी वाटेवरच रेंगाळले, मग वाटेच्याच दिशेने हळूहळू खाली सरकले. त्यानंतर तुम्ही शेजारच्या वावभर जागेत दरीच्या बाजूला किंचित कल देऊन पुन्हा पाणी ओतलेत, आणि ते सरळ आडवे जाऊन काठावरून खाली गेले. उताराच्या वाटेवर पाणी वाटेच्या लांबीने धावू लागले की ते माती नेते, चर पडतो, आणि त्या चरातले उघडे पडलेले दगड अंधारात धावणाऱ्याचा घोटा मोडतात. कल दरीकडे असला की पाणी वाट ओलांडून जाते, आणि वाट वर्षानुवर्षे टिकते. गुडघ्यांवर बसून हे पाहिलेले असल्यामुळे शर्यतीच्या दिवशी त्या वाटेवर पाऊल कुठे टाकायचे, बाहेरच्या कडेवर कितपत विश्वास ठेवायचा, हे मला कोणी सांगावे लागले नाही.

२०२२च्या सप्टेंबरातल्या 'मॉस्किटो' वणव्याने याच डोंगरांना वेढले होते. जळालेले खोड उभे राहते, पण मुळे कुजतात आणि माती सुटते, म्हणून आग विझल्यावरही कित्येक वर्षे पावसाळी हिवाळ्यानंतर झाडे आडवी होतात आणि कडा ढासळतात, हे तुम्ही एकेका खोडावर हात ठेवून दाखवलेत. त्या वणव्यानंतर अवघ्या काही महिन्यांत स्वयंसेवकांनी वाट मोकळी केली आणि २०२३ची शर्यत झाली. त्या कामात तुम्हीही होता, हे मला तुमच्याकडून नव्हे तर दुसऱ्या एका स्वयंसेविकेकडून कळले. अंगाला लागताच खाज उठवणाऱ्या, तीन पानांच्या विषारी ओकची ओळखही त्याच दिवशी झाली. लांब बाह्यांचा सदरा घालून यायला तुम्ही का बजावले होते, ते मग उमगले.

घळईचा भाग म्हणजे साधारण ४३व्या मैलावरचे लास्ट चान्स ते ६२व्या मैलावरचे फॉरेस्टहिल. या पट्ट्यात वाट डोंगराच्या एका धारेवरून थेट नदीपर्यंत कोसळते आणि लगेच समोरच्या धारेवर चढते, आणि असे पुन्हा पुन्हा होते. डेडवुडच्या घळईतून डेव्हिल्स थंबवर चढताना दोन मैलांहून कमी अंतरात सुमारे १,५०० फूट उंची घ्यावी लागते. नंतर एल डोराडो ओढ्यापर्यंत सुमारे २,६०० फूट उतरायचे, आणि तिथून मिशिगन ब्लफला सुमारे १,८०० फूट वर. इतकी निर्दय वाट कोणी आखली, असे मी विचारले होते. तुमच्या उत्तरात निम्मा इतिहास होता. १८५०च्या दशकात या धारांवर सोने शोधणाऱ्यांच्या वस्त्या होत्या आणि त्यांच्यात खेचरांवरून माल न्यायचा होता. आरामशीर वळसा घेण्यापेक्षा घळई सरळ ओलांडणे त्यांना परवडत होते, म्हणून वाट तशी पडली. मिशिगन ब्लफ ते लास्ट चान्स ही वाट आज अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत आहे. १९५५मध्ये वेंडेल रोबी यांनी काही सोबत्यांसह टाहो सरोवरापासून ऑबर्नपर्यंत घोडदौड केली, आणि १९७४मध्ये गॉर्डी एन्सली यांनी त्यातून सुरू झालेल्या घोडेस्वारीच्या शर्यतीत घोड्याशिवाय, पायी धावून २३ तास ४२ मिनिटांत हे अंतर कापले. म्हणजे ही वाट आधी खेचरांची, मग घोड्यांची, आणि अगदी अलीकडे आपली. माणसाच्या गुडघ्यांचा विचार तिने करावा, ही अपेक्षाच चुकीची आहे.

दुपारी या घळयांत तापमान बऱ्याचदा ३८ अंशांच्या वर जाते. उंचावरून उतरत जाताना हवा दाट आणि उष्ण होत जाते, कडे दिवसभर तापून ती उष्णता परत फेकतात, आणि अरुंद तळाशी वारा पोहोचत नाही. यावर तुमचा उपाय साधा होता. प्रत्येक ओढ्यात टोपी, मान आणि मनगटे भिजवायची, मदत केंद्रावर बर्फ मागून तो गळपट्ट्यात बांधायचा, आणि हे सर्व ऊन जाणवण्याच्या आधीपासून सुरू करायचे. मी ते तंतोतंत पाळले. मिशिगन ब्लफच्या चढावर माझ्या पुढे-मागे कितीतरी जण सावलीत बसलेले दिसले. मी सावकाश, पण न थांबता वर आले आणि फॉरेस्टहिलला पोहोचले तेव्हा माझ्या मांड्या शाबूत होत्या. तिथे तुम्ही उभे होता.

फॉरेस्टहिलपासून नदीपर्यंतचे सोळा मैल पुन्हा उताराचे आहेत, अधूनमधून चुकवणारे छोटे चढ असलेले. तुम्ही पुढे न धावता माझ्या मागे राहिलात. पेसरने धावपटूचे सामान वाहायचे नसते, हा नियम आहेच, पण तुमचे म्हणणे त्यापलीकडचे होते, की पुढच्या माणसाच्या टाचांकडे पाहणाऱ्याला वाट दिसत नाही. पिवळ्या फिती शोधण्याचे काम माझेच राहिले. २०१६मध्ये विक्रमी वेगाने सर्वांच्या पुढे असलेल्या जिम वॉल्म्सलींचे वळण शेवटच्या दहा मैलांत चुकले होते. त्यांनीच २०१९मध्ये १४ तास ९ मिनिटे २८ सेकंदांचा विक्रम केला, हे खरे, पण हायवे ४९जवळचे ते चुकलेले वळण तुम्ही मला तिथे पोहोचण्याच्या बरेच आधी आठवून दिलेत. नदी जवळ येताच हवा एकाएकी गार झाली. रात्री थंड हवा जड होऊन घळईच्या तळाशी साठते, म्हणून दुपारी जिथे होरपळायला होते तिथेच पहाटे हुडहुडी भरते. पातळ जाकीट आधीच बाहेर काढून ठेवायला तुम्ही सांगितले होते, ते या कारणाने.

७८व्या मैलावर रकी चकीला अमेरिकन नदीची मिडल फोर्क ही शाखा ओलांडताना जे स्वयंसेवक रात्रभर पाण्यात उभे राहून प्रत्येक धावपटूचा हात नदीवर आडव्या ताणलेल्या तारेवर ठेवून देत होते, त्यांचे आभार मी या पत्रात वेगळे मानते, कारण त्यांच्यापैकी कोणाचाही चेहरा मला नीट दिसला नाही. तिथले पाणी वरच्या वीजनिर्मितीच्या धरणांतून सोडलेल्या प्रवाहावर कमी-जास्त होते, आणि ज्या वर्षी ते फार असते त्या वर्षी धावपटूंना तराफ्यातून नेतात. पायांखालचा एकेक गोटा ते शब्दांत सांगत होते. 'आता मोठा, आता निसरडा, आता खळगा.'

नदीपलीकडच्या ग्रीन गेट या टप्प्यानंतरच्या लांबलचक पट्ट्याबद्दल सांगण्यासारखे थोडे आहे. तुम्ही बोलत राहिलात, मी चालत राहिले. उजाडल्यावर नो हँड्स पुलावर मात्र तुम्ही मला वेग कमी करायला लावलात. एवढ्या थकव्यात इतिहास ऐकण्याची इच्छा कोणाला असते, असे वाचणाऱ्यांना वाटेल. पण १९१२चा हा काँक्रीटचा रेल्वेपूल १९६४च्या डिसेंबरात बांधकाम सुरू असलेले हेल होल धरण फुटून आलेल्या लोंढ्यातही टिकला, आणि त्याच लोंढ्याने नदीवरचे इतर पूल नेले, हे ऐकल्यावर पाय उचलायला मदत झाली. त्याहून मोठा धोका पाण्याचा नव्हे, धरणाचा होता. ऑबर्नचे नियोजित धरण झाले असते, तर हा पूल आणि रकी चकीपर्यंतची नदीकाठची वाट जलाशयाखाली गेली असती. १९७५च्या ओरोव्हिल भूकंपानंतर त्याचे काम थांबले आणि ते पुन्हा उभे राहिले नाही. वाट टिकते तेव्हा त्यामागे नशीबही असते, आणि ज्यांची नावे कोणी लिहून ठेवत नाही अशी माणसेही असतात. तुम्ही त्यांपैकी एक आहात, आणि नाव लिहू नये ही तुमची अट मी पाळली आहे.

एक विनंती आहे. पुढच्या वसंतात कामाचे दिवस ठरतील तेव्हा मला एल डोराडोच्या वरच्या वळणांवर घ्यावे. तिथे दोन ठिकाणी पाणी पुन्हा वाटेच्या लांबीने वाहू लागल्याच्या खुणा मी शर्यतीत धावताना पाहिल्या आहेत आणि त्या जागा मला नेमक्या दाखवता येतील. माझ्याबरोबर आणखी दोघी जणी येण्यास तयार आहेत. लांब बाह्यांचे सदरे त्यांना आताच घ्यायला सांगितले आहेत.

घरी सर्वांना नमस्कार सांगावा. लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली नम्र,
तुमच्या पुढे धावणारी