मेजरच्या वर कुणीच नव्हतं का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागालँडमधल्या ओटिंग गावाजवळ लष्कराने केलेल्या गोळीबारावरचा कालचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितो आहे. ‘जवानांनी डोकं वापरायला हवं होतं’ एवढं सांगून लेखक मोकळे झाले. हवंच होतं. ४ डिसेंबर २०२१ला कोळशाच्या खाणीतून घरी निघालेल्या मजुरांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या, सहा जण जिवानिशी गेले. त्याचं समर्थन कुणी करू नये, मीही करत नाही. पण नागालँड पोलिसांच्या आरोपपत्रात तीस जण होते आणि त्यांत सगळ्यांत वरचा हुद्दा मेजरचा. अतिरेकी येणार ही खबर कुणी आणली, ती खरी मानून तिथे दबा धरून बसायला होकार कुणी दिला, याबद्दल लेखात एक ओळ नाही.

माझे बाबा फौजेत नायब सुभेदार होते, गाड्यांच्या विभागात. डोंगरातल्या एका छावणीत सकाळी मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून रात्रीतून सामान पोचवायचा हुकूम आला. ड्रायव्हर आदल्या रात्रीही गाडीवरच होता, डोळे लाल झालेले. बाबांनी साहेबांना तसं सांगितलं. ‘पोचायचंय म्हणजे पोचायचंय’ हे उत्तर. पहाटे वळणावर ट्रक दरीत गेला, मागे बसलेली दोन पोरं गेली. चौकशीत बाबांना पहिलाच प्रश्न, ‘हुकूम लेखी होता का?’ रात्री अकरा वाजता साहेबांकडे लेखी कोण मागतं? गाडीच्या डायरीत सही ड्रायव्हरची, निघाल्याची वेळ त्याच्या हातची, म्हणून निष्काळजीपणाही त्याचाच. ड्रायव्हरची हुद्द्याची फीत गेली, पुढे नोकरीही गेली. साहेबांचं नाव निकालाच्या कागदात कुठेच आलं नाही. बाबा शेवटपर्यंत त्या ड्रायव्हरच्या घरी दिवाळीला पैसे पाठवत होते.

म्हणून ‘हुकूम बेकायदेशीर असेल तर नाकारावा’ हे शहाणपण ऐकलं की संताप येतो. कायदा तसंच म्हणतो, ठाऊक आहे. आर्मी ॲक्टच्या ४१व्या कलमात कायदेशीर हुकूम मोडणं हाच गुन्हा आहे. पण तो हुकूम कायदेशीर होता की नव्हता, हे ठरतं नंतर, टेबलापाशी बसून. तोवर नाही म्हणणाऱ्याचं काय होतं, ते लेखकांनी महूच्या लष्करी छावणीत जाऊन कुठल्याही निवृत्त हवालदाराला विचारावं. इंदूरहून तासाभराचा रस्ता आहे.

बाहेरही हेच. व्हिएतनाममधल्या माय लाय गावात १९६८ साली अमेरिकी सैनिकांनी शेकडो गावकरी मारले. पुढे दोषी ठरला एकटा लेफ्टनंट कॅली. त्याचा कॅप्टन सुटला, कर्नल सुटला. कॅली निर्दोष नव्हताच, पण तो एकटाही नव्हता. आपल्याकडे काश्मीरमधल्या माछिलच्या बनावट चकमकीच्या प्रकरणात कोर्ट मार्शलने कर्नलपर्यंत जाऊन जन्मठेप दिली, म्हणजे वर पोचता येतं. २०१७मध्ये लष्करी न्यायाधिकरणाने ती शिक्षा स्थगित केली, ही गोष्ट वेगळी.

ओटिंगमध्ये तर खटलाच उभा राहिला नाही. अफ्स्पा, म्हणजे लष्कराला विशेष अधिकार देणारा कायदा, त्याच्या कलम ६ प्रमाणे जवानांवर खटला भरायला केंद्राची मंजुरी लागते, ती २०२३मध्ये नाकारली गेली. अफ्स्पा लावायचा केंद्राने, मुदत वाढवायची केंद्राने, आणि कोर्टात कुणाला उभं करायचं हेही केंद्रानेच ठरवायचं! जवानांना वाचवलं असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. साक्षीच्या पिंजऱ्यात त्यांतल्या एखाद्याने ‘मला अमक्याने सांगितलं’ म्हटलं असतं, तर बोट वर गेलं असतं. मंजुरी नाकारल्यामुळे वाचले ते वरचे. खालचे जन्मभर संशयात राहिले आणि मजुरांच्या घरच्यांना कोर्टाची पायरीही चढता आली नाही.

जाता जाता एक. वाचकांच्या पत्रांची जागा दर महिन्याला आक्रसत चालली आहे. काल तर सुपर कॉरिडॉरवरच्या प्लॉटांच्या जाहिरातीखाली दोनच पत्रं होती. जागा नसेल तर माझ्या पत्रातलं माय लाय खुशाल गाळा, पण कलम ६बद्दल मी लिहिलेला मजकूर जसाच्या तसा छापा, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक,
रामबाग, इंदूर