भाड्याने देण्यासाठी फ्लॅट: वाघोली, कोथरूड की वडगाव शेरी?

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. भाड्याने द्यायला पुण्यात फ्लॅट कुठे घ्यावा, असं विचारलंस. एरिया नंतर ठरवू, आधी हातात काय उरतं ते बघ.

८० लाखांचा टू बीएचके धर. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे ५.६ लाख, नोंदणीचे ३० हजार. फ्लॅट पडला ८५.९ लाखांना. भाडं २५ हजार, वर्षात एक महिना कुलूप, म्हणजे २.७५ लाख. त्यातून मेंटेनन्स ४२ हजार, मिळकतकर १८ हजार, ब्रोकर आणि रंगकाम ३० हजार वजा कर. उरले १.८५ लाख, सव्वादोन टक्केही नाहीत. ६० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलंस, तर हप्ता ५२ हजार. दरमहा साधारण साडेछत्तीस हजार खिशातून जाणार. हे झेपत नसेल तर कर्ज कमी कर किंवा वन बीएचके बघ. विकणाऱ्याच्या कराच्या बिलावर जाऊ नकोस. मालक स्वतः राहत असेल तर त्याला ४० टक्के सवलत असते, भाडेकरू आला की ती जाते.

वाघोलीत दर कमी दिसतो, पण आजूबाजूला मोकळी जमीन आहे. नवा टॉवर उभा राहिला की भाडेकरू तिकडे सरकतो आणि तुझा भाव तिथेच अडकतो. एप्रिल-मेची टँकरची बिलं सोसायटीकडून मागून घेच. कोथरूडला जागा संपली आहे, त्यामुळे किंमत टिकते. भाडं मात्र किमतीच्या मानाने फारच थोडं.

माझं मत वडगाव शेरीतल्या जुन्या वन बीएचकेकडे झुकतं. खराडी, विमाननगर, कल्याणीनगर, तिन्हीकडे नोकऱ्या आहेत. एक कंपनी हलली तरी घर ओस पडत नाही. मार्च २०२४ पासून रामवाडीपर्यंत मेट्रोही आहे. पण जुन्या इमारतीत किमतीची खरी वाढ जमिनीत असते. कन्व्हेयन्स डीड, म्हणजे जमिनीची मालकी बिल्डरकडून सोसायटीकडे देणारा दस्त, सोसायटीच्या नावावर झालंय का, हे आधी विचार. नसेल तर रीडेव्हलपमेंट वर्षानुवर्षं रखडतं. अशा ठिकाणी भाव पाड, नाहीतर सोड.

ब्रोकरला फोन करशील तो भाडेकरू म्हणून कर; घेणारा म्हटलं की भाडं फुगवून सांगतात. वॉचमनला विचार, किती फ्लॅट बंद आहेत आणि केव्हापासून. नोंदणी झालेल्या दोन-तीन लिव्ह अँड लायसन्स करारांतला (म्हणजे भाडेकरारांतला) आकडा मिळाला, तर तोच धर.

सोसायटीचा ताळेबंद हाती आला की पाठव, सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी, किती जमलाय ते मी बघतो.

तुझा,
अविनाश