ओसरीवर राहिलेलं उत्तर

दि. १६ नोव्हेंबर २०२५

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

भाऊबीजेच्या रात्री ओसरीवर मी तुला विचारलं होतं, पुण्याच्या मतदार यादीत नाव घातलंस का. तू मोबाईलवरून मान वर न करता म्हणालास, "काय फरक पडतो, अण्णा?" मी गप्प बसलो आणि उठून आत गेलो. तुला वाटलं असेल, अण्णांना राग आला. राग नव्हता. एकतीस वर्षं मास्तरकी केली, पण पोरानं प्रश्न विचारला आणि मला उत्तर सुचलं नाही, असं फार थोड्या वेळा झालं. त्या रात्री झालं. तेव्हापासून तेच मनात घोळतंय. फोनवर तू घाईत असतोस आणि माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसलोय.

आधी एक कबूल करतो. तुझं म्हणणं हवेतलं नाही. तुझ्या डोळ्यांदेखत जून २०२२ मध्ये एक पक्ष फुटला, जुलै २०२३ मध्ये दुसरा. पक्षाचं नाव कुणाचं, चिन्ह कुणाचं, खरा पक्ष कोणता, हे निवडणूक आयोग, विधानसभा अध्यक्ष आणि सर्वोच्च न्यायालय यांच्या दारात ठरत राहिलं. आपण बटण दाबलं होतं ते कुणासाठी, हा प्रश्न मात्र कुणी आपल्याला विचारला नाही. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ साली आला तेव्हा मी शिकत होतो. आमचे सर वर्गात म्हणाले होते, आता हे आयाराम-गयाराम थांबणार. २००३ साली तो आणखी कडक केला, एक तृतीयांश आमदार घेऊन पक्ष फोडायची वाट बंद केली. तरी वाटा निघाल्याच. याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. खोटं समाधान मी तुला देणार नाही.

पण मला ज्याची खरी काळजी वाटते ती गोष्ट वेगळी आहे, आणि ती मुंबई-दिल्लीतली नाही.

आपल्या शाळेची ती पूर्वेकडची खोली तुला आठवते ना, जिथे तू चौथीला होतास? तिचं छत दोन पावसाळे झाले गळतंय. यंदा सप्टेंबरात तर मांजरा नदी पात्र सोडून शिवारात आली, काढून रचलेले सोयाबीनचे ढीग वाहून गेले, आणि त्या खोलीत चार दिवस पाणी होतं. भिंतीला हात लावला तर ओला चुना हाताला येतो. पहिली-दुसरीची लेकरं आता व्हरांड्यात बसतात. मी आता निवृत्त आहे, शाळेत मला काही अधिकार नाही. पण मुख्याध्यापकांबरोबर अर्ज घेऊन तीन वेळा जाऊन आलो. प्रत्येक ठिकाणी माणसं नीट बोलली, कुणी उर्मटपणा केला नाही. अर्जाची पोच मिळाली. पुढे काही झालं नाही.

२०१७ साली आपल्या गटातून ज्या बाई जिल्हा परिषदेवर निवडून आल्या होत्या, त्या तुला आठवतात का? पहिल्या वर्षी त्यांचे यजमानच सगळं बोलायचे. मला ते आवडत नसे, मी घरात बोलूनही दाखवायचो. पण तिसऱ्या वर्षी त्याच बाई सर्वसाधारण सभेत आपल्या शाळेच्या कुंपणासाठी उभ्या राहिल्या, नाही होत म्हणाल्यावर पुन्हा उभ्या राहिल्या. कुंपण झालं. २०११ पासून आपल्या राज्यात या संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांना आहेत. कितीतरी बाया अशाच शिकत होत्या, हळूहळू, यजमानाच्या सावलीतून बाहेर येत. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि ते शिक्षणच थांबलं.

तेव्हापासून आपल्या जिल्हा परिषदेत निवडून आलेला एकही सदस्य नाही. साडेतीन वर्षांहून जास्त काळ झाला. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची आणि सगळ्या महानगरपालिकांची हीच गत आहे. ओबीसी आरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयानं घातलेल्या तीन अटी, म्हणजे तिहेरी चाचणी, मग त्यासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल, मग प्रभाग किती आणि ते कुणी पाडायचे याचा वाद, अशा तारखा पडत गेल्या. आरक्षणाचा प्रश्न लहान आहे असं मी म्हणत नाही, तो नीट सुटायलाच हवा होता. पण राज्यघटनेत साफ लिहिलंय की मुदत पाच वर्षांची, आणि ती संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. हे घटनेत आणणारी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला अंमलात आली, त्या वेळी आम्ही शिक्षकांनी गावोगाव जाऊन हे समजावून सांगितलं होतं. आता त्याच गावात मी काय सांगू?

कारभार सरकारनं नेमलेले प्रशासक बघतात. ते साहेब वाईट आहेत असं मुळीच नाही. आता जे आहेत ते पुराच्या वेळी रात्री दोन वाजता गुडघाभर पाण्यात उभे होते, मी पाहिलंय. पण त्यांची बदली होते, बाळा. त्यांना पुन्हा आपल्या पारावर येऊन मत मागायचं नसतं. ओल्या भिंतीकडे बोट दाखवून "आता सांगा" असं म्हणायला आपल्यासमोर माणूसच उरला नाही.

आणि माझी खरी भीती ही आहे की लोकांना याची सवय झाली. पहिल्या वर्षी पारावर विचारणा व्हायची, निवडणूक कधी लागणार. दुसऱ्या वर्षी कमी झाली. आता कुणी विचारत नाही. कामासाठी ओळख लावायची, कुणाच्या तरी गाडीत बसून मोठ्या पुढाऱ्याच्या बंगल्यावर जायचं, तिथे दुपारपर्यंत उभं राहायचं. आपला हक्क होता तो हळूहळू उपकार झाला, आणि कुणाला ते खुपलंही नाही. ग्रामसभेचंही तसंच. गणपूर्तीला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांतली जी संख्या कमी असेल तेवढे लागतात. तेवढे जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग दहा-बारा जण बसून सगळं मंजूर करतात. त्यात लबाडी काहीच नाही, सगळं नियमानं होतं. आपण गेलो नाही एवढंच.

तू पुण्यात गेलास २०१८ ला. तिथली महापालिकेची शेवटची निवडणूक फेब्रुवारी २०१७ ची. म्हणजे सात वर्षं तू त्या शहरात राहतोस, भाडं भरतोस, टँकरची वर्गणी भरतोस, आणि आपल्या रस्त्या-पाण्याबद्दल कुणाला तरी मत द्यायची संधी तुला एकदाही मिळाली नाही. तुला फरक पडत नाही असं वाटलं, त्यात तुझा दोष किती धरू? तुला फरक पाहायलाच मिळाला नाही.

आता त्या रात्री न सुचलेलं उत्तर.

१९९१ च्या लोकसभेपासून २०१९ च्या विधानसभेपर्यंत जवळजवळ प्रत्येक निवडणुकीत माझी ड्युटी लागली. आधी कागदी मतपत्रिका, शिक्का आणि पेटी, नंतर यंत्रं. तू मला यंत्रांबद्दलचे व्हिडिओ पाठवतोस. मी जे हातानं केलं तेवढंच सांगतो. मतदानाआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतांचं अभिरूप, म्हणजे चाचणीचं मतदान घ्यायचं, मोजून दाखवायचं, पुसायचं, मगच यंत्र सील करायचं. संध्याकाळी एकूण किती मतं पडली ते नमुना १७ क मध्ये लिहून प्रत्येक प्रतिनिधीला प्रत द्यायची. माझ्या केंद्रावर मी यात कधी कसर केली नाही. यादी मात्र मी डोळ्यांनी सदोष पाहिली आहे. वारलेली माणसं यादीत, जिवंत माणूस दारात आणि नाव गायब. यादीवर जे प्रश्न विचारतात त्यांना उत्तर मिळालंच पाहिजे, ते कोणत्याही पक्षाचे असोत.

पण सांगायचं होतं ते २००९ च्या विधानसभेचं. १३ ऑक्टोबर. मी एका तांड्यावर केंद्राध्यक्ष होतो. ऊसतोडीची माणसं निघायची वेळ. ट्रक भरून उभा होता, वर भांडीकुंडी, कोंबड्या, घडी केलेलं पाल. वेळ संपत आली तेव्हा शाळेच्या दारात चाळीसएक माणसं रांगेत होती. नियम असा की वेळ संपली तरी रांगेतल्या प्रत्येकाचं मत घ्यायचं. केंद्राध्यक्षानं सही केलेल्या चिठ्ठ्या वाटायच्या, आणि त्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून सुरू करायच्या, म्हणजे मागून कुणी घुसत नाही. मी शेवटाला गेलो. एक बाई होती, काखेत लेकरू. तिला एक नंबरची चिठ्ठी दिली. बाहेर ऊसतोड टोळीचा मुकादम हॉर्न वाजवत होता. ट्रक रात्रीतून कारखान्यावर पोचायला हवा होता, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, त्यानं दिली होती, त्याचं ऐकणं भाग होतं. तो आत येऊन ओरडला, चला म्हणून. त्या बाईनं चिठ्ठी मुठीत धरली आणि म्हणाली, "गुरुजींनी नंबर दिलाय. नंबर झाल्यावर येते."

सव्वा तास लागला. एकही माणूस रांगेतून हलला नाही. मुकादम ट्रकच्या पायरीवर बसून राहिला.

त्या मतानं तिची ऊसतोड सुटली नाही, हे मला माहीत आहे. ती पुढच्या वर्षीही गेली असणार. पण वर्षभर जो तिला थांबवायचा, चालवायचा, त्याला त्या संध्याकाळी सव्वा तास तिच्यासाठी थांबावं लागलं. तू विचारलंस ना, काय फरक पडतो? मला ठाऊक असलेला फरक एवढा आहे, बाळा. आपल्यासाठी कुणाला तरी थांबावं लागतं. साडेतीन वर्षं आपल्यासाठी कुणाला थांबावं लागलेलं नाही, आणि ती खोली गळतेय.

आणखी एक मनातलं. तू बारावीचा अभ्यास ज्याच्या माडीवर करायचास, त्या तुझ्या दोस्ताच्या बहिणीचं लग्न मेमध्ये झालं. मी गेलो. त्याचे वडील भेटले, नमस्कार झाला, बस म्हणाले. पण जेवून जा म्हणाले नाहीत. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मराठा-ओबीसी आरक्षणाचा वाद पेटल्यापासून गावात चहाची दोन हॉटेलं दोन बाजूंची झाली आहेत. तिकडून आलेला मेसेज इकडे दाखवतात, इकडचा तिकडे. दोन्हीकडची पोरं पहाटे एकाच रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावतात, दोन्हीकडच्यांच्या सोयाबीनला सारखाच भाव, लग्नं दोन्हीकडच्यांची जमत नाहीत, आणि रागही एकमेकांवरच. मला सगळ्यात जास्त हे छळतं. मी त्यांच्या दारात पुन्हा जाणार आहे. एकदा जाऊन फाटकाशी थांबून परत आलो, हे तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. तूही तुझ्या दोस्ताला फोन कर. कामाचा नको, असाच कर.

नगरपालिकांचं मतदान २ डिसेंबरला आहे. सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या स्थानिक निवडणुका ३१ जानेवारीपर्यंत उरकायला सांगितलंय, तेव्हा जिल्हा परिषदेचीही तारीख लागेल. या वेळी १ जुलैची यादी धरली आहे, त्यामुळे पुण्यात तुझं नाव आता होणार नाही. तुझं नाव अजून इथेच आहे, आईच्या खाली. ये. रात्रीची बस मिळाली नाही तर रेल्वेनं ये, तिकीट मी काढतो. आणि कुणाला मत द्यायचं ते मी सांगणार नाही, विचारणारही नाही. उभे राहतील त्या सगळ्यांना शाळेपर्यंत चालवत नेऊन ती भिंत दाखवायचं आम्ही चौघा निवृत्त मास्तरांनी ठरवलंय. त्यात तुझ्या दोस्ताच्या वडिलांचं नाव मी घातलंय, त्यांना अजून विचारलेलं नाही.

तू दिवाळीत त्या खोलीचे फोटो काढले होतेस, ते पाठव. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत लावायला मोठे छापून घेतो. आईनं शेंगदाण्याची चटणी करून ठेवली आहे, शेजारचा मुलगा पुण्याला येतोय त्याच्याबरोबर देतो. डबा परत पाठव.

तुझे,
अण्णा