मजूरमंत्री आंबेडकर आणि आठ तासांची चुकीची तारीख

महोदय,

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1942 साली कामगारांचा दिवस चौदा तासांवरून आठ तासांवर आणला, हे विधान दरवर्षी 14 एप्रिल आणि 1 मेच्या सुमारास समाजमाध्यमांवर फिरते व अधूनमधून छापील लेखांतही शिरते. त्यामागचा आदर रास्त असला तरी तपशील बरोबर नाही. बारमाही कारखान्यांसाठी दिवसाला 10 आणि आठवड्याला 54 तासांची मर्यादा 1934 च्या कारखाने कायद्यानेच घातलेली होती. ती 9 आणि 48 तासांवर, म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्यात रोज सरासरी आठ तासांवर, आणणारी दुरुस्ती मंजूर झाली 1946 मध्ये, बाबासाहेबांच्या मजूरखात्यातील कारकिर्दीच्या अखेरीस. तारीख पुढे सरकल्याने श्रेय कमी होत नाही. मात्र चुकीच्या तारखेमुळे मधल्या चार वर्षांचे चिकाटीचे काम झाकले जाते, आणि माझी तक्रार तेवढीच आहे.

लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन 1923 साली मुंबईत वकिली सुरू करणारे, पुढे शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झालेले आणि 1936 मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढणारे बाबासाहेब जुलै 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य, म्हणजे मजूरखात्याचे मंत्री झाले. चारच वर्षांपूर्वी संपावर निर्बंध आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाला त्यांनी मुंबई विधानसभेत कडाडून विरोध केला होता आणि 7 नोव्हेंबर 1938 च्या संपात ते कम्युनिस्टांच्या बरोबरीने उतरले होते. आता तेच सरकारी बाकावर होते, तेही ऐन महायुद्धात.

या मंत्रिपदावर वकिलाची छाप सर्वांत स्पष्ट दिसते ती 1946 च्या स्थायी आदेश कायद्यात. कामगार कायम की बदली, पाळी कोणती, उशीर झाल्यास काय, रजा कोणाकडे मागायची, गैरवर्तन कशाला म्हणायचे आणि कामावरून काढण्यापूर्वी नोटीस किती दिवसांची, हे सारे मालकाने लेखी ठरवून अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घ्यायचे आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत कारखान्याच्या दाराशी फलकावर लावायचे, असे हा कायदा सांगतो. ‘उद्यापासून येऊ नकोस’ या मुकादमाच्या एका वाक्यावर ज्याची नोकरी जात असे, त्याच्या हाती वाद घालण्यासाठी कागद आला. भाषणांत टाळ्या घेणारा हा विषय नव्हे. म्हणूनच कदाचित त्याची आठवण कोणी काढत नाही.

डिसेंबर 1943 मध्ये ते धनबाद परिसरात जाऊन कोळशाच्या खाणीत प्रत्यक्ष उतरले आणि पुढच्याच महिन्यात खाण कामगारांच्या कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला. त्याच खाणींत भूगर्भात काम करण्यास स्त्रियांना असलेली बंदी मात्र कोळशाच्या टंचाईमुळे 1943 मध्ये सरकारने उठवली होती. त्यावर 1944 मध्ये केंद्रीय विधिमंडळात टीका झाली, तेव्हा हा उपाय तात्पुरता आहे आणि स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, असा बचाव बाबासाहेबांनी केला. समान वेतनाचे तत्त्व मोलाचे खरे, तरी तो निर्णय मला समर्थनीय वाटत नाही. गौरवलेखांतून तो वगळणेही योग्य नाही.

त्यांच्याच काळात प्रा. अडारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा दिला आणि रेगे समितीने कामगारांच्या स्थितीची पाहणी केली. किमान वेतनाचे विधेयक एप्रिल 1946 मध्ये मांडले गेले. ते कायद्यात उतरले 1948 साली, जगजीवनराम मंत्री असताना. विम्याचा कायदाही त्याच वर्षीचा.

हा इतिहास आज उगाळण्याचे कारण असे की 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या असून स्थायी आदेशांसाठी केंद्रीय कायद्यात असलेली किमान 100 कामगारांची अट आता 300 वर गेली आहे. लहान कारखान्यांवरील कागदोपत्री बोजा कमी व्हावा हा त्यामागचा युक्तिवाद ऐकण्याजोगा आहे. पण लेखी सेवाशर्तींची सर्वाधिक गरज संघटना नसलेल्या अशाच कारखान्यांत असते. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या मालेतील दहावा खंड पूर्णपणे या चार वर्षांचा आहे. येत्या कामगार दिनी त्यातील निवडक भाग मराठीत छापावा आणि त्याशेजारी नव्या संहितांमधील संबंधित तरतुदी द्याव्यात, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ठाणे