तबाच्या बायकांना अरुशापर्यंत सोबत करणाऱ्या गोदेलीव्हताईंना

आदरणीय गोदेलीव्हताई मुकासारासी,

सप्रेम नमस्कार.

१९९४ मध्ये रवांडात तुत्सी समाजाचा वंशसंहार झाला. त्यासाठी अरुशात नेमलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या न्यायाधिकरणात २ सप्टेंबर १९९८ रोजी झाँ-पॉल अकायेसुचा निकाल लागला. खटला चालवून वंशसंहारासाठी माणसाला दोषी ठरवण्याची ती आंतरराष्ट्रीय न्यायालयाची पहिलीच वेळ. बलात्कार हे वंशसंहाराचं कृत्य असू शकतं, हेही त्याच निकालाने पहिल्यांदा सांगितलं. कायद्याच्या वर्गात हा निकाल शिकवताना न्यायाधीशांची नावं सांगतात, व्याख्या पाठ करून घेतात. रवांडातल्या तबा या कम्यूनच्या, म्हणजे स्थानिक प्रशासकीय विभागाच्या, बायका टांझानियातल्या त्या न्यायालयापर्यंत कशा पोचल्या, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. आम्ही लैंगिक हिंसेतून वाचलेल्या बायकांसोबत काम करणारे वकील, समुपदेशक आणि कार्यकर्त्या. निकालपत्रात जे काम दिसत नाही, त्याबद्दल तुमचे आभार मानायला हे पत्र लिहीत आहोत. ते खुलं ठेवलं आहे, कारण हे काम नव्याने शिकणाऱ्या आमच्या मैत्रिणींनीही ते वाचावं.

अकायेसु हा तबाचा बूर्गमेस्त्र, म्हणजे कम्यूनचा प्रमुख. १९९६ च्या फेब्रुवारीत मंजूर झालेल्या त्याच्या पहिल्या आरोपपत्रात बारा आरोप होते आणि लैंगिक हिंसेचा एकही नव्हता. प्रश्न खुनांबद्दलचे असले आणि विचारणारे व दुभाषे पुरुष असले की असंच होतं. कोणी मारलं, किती जणांना, कुठे, एवढ्याचं उत्तर देऊन बाई थांबते. मग कागदावर बलात्काराचा उल्लेख येत नाही आणि पुढे तोच कोरा कागद ‘असं काही घडलंच नाही’ म्हणून तिच्यापुढे धरला जातो. १९९७ च्या जानेवारीत ‘जे’ या अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या साक्षीदाराने आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर तिघांनी केलेल्या बलात्काराबद्दल सांगितलं. नंतर ‘एच’ने स्वतःवरच्या अत्याचाराबद्दल सांगितलं. तीन जणांच्या खंडपीठात नवनेथम पिल्ले या एकट्या स्त्री न्यायाधीश होत्या. त्यांनी तो धागा सोडला नाही. स्त्री संघटनांनी लेखी निवेदन दिलं, पुन्हा तपास झाला आणि जूनमध्ये आरोपपत्र दुरुस्त होऊन आरोप पंधरा झाले.

दुरुस्तीला कागद पुरतो, पण ती सिद्ध करायला माणसं लागतात, आणि ती माणसं तुमच्याकडे होती. १९९४ सालीच तुम्ही विधवा आणि अनाथ मुलांना एकत्र आणून सेवोटा ही संघटना उभी केली होती. त्या बायका एकमेकींना ओळखत होत्या, कामाला एकत्र बसत होत्या. हा क्रम आम्हाला फार मोलाचा वाटतो: आधी गट, साक्ष त्यानंतर. एकट्या बाईच्या दारासमोर परक्या संस्थेची गाडी थांबली की गावाला लगेच कळतं. गट आधीपासून असला की ती कशासाठी गेली हे विचारलं जात नाही, ती परत येते तेव्हा घरात शांतता असते आणि रात्री झोप न लागणारी ती एकटीच नाही हे तिला माहीत असतं.

तुम्ही हे करत होता त्याच काळात, १९९६ च्या डिसेंबरात, तुमचे पती आणि मुलगी मारले गेले. तरीही तुम्ही त्या बायकांची साथ सोडली नाही. यापुढे लिहायला आमच्याकडे शब्द नाहीत.

त्या साक्षींनी नेमकं काय सिद्ध केलं, हे इथल्या वाचकांसाठी लिहून ठेवतो. वंशसंहारात बलात्कार झाला, एवढं म्हणून आरोप टिकत नाही. पहिल्यांदा कृत्य दाखवावं लागतं. मग परिस्थिती सक्तीची होती हे. बंदूक कपाळाला लावलेली असायलाच हवी असं नाही. आसऱ्यासाठी आलेल्या बायका आणि भोवती इंटरहाम्वे, म्हणजे वंशसंहार करणाऱ्या हुतू टोळ्यांची हत्यारबंद माणसं, एवढं पुरेसं आहे, असं न्यायालयाने मान्य केलं. तिसरा दुवा आरोपीचा. अकायेसुने स्वतः बलात्कार केल्याचा आरोप नव्हता. पण कृत्यं त्याच्या कम्यून कार्यालयाच्या आवारात घडत होती, तो तिथे होता, त्याला माहीत होतं, थांबवण्याची ताकद होती आणि त्याने उत्तेजन दिलं. चौथा दुवा सगळ्यात अवघड: हे तुत्सी समाज नष्ट करण्याच्या हेतूने झालं. तो हेतू एका बाईच्या कहाणीतून दिसत नाही. कोणाला निवडलं, तेव्हा काय बोललं गेलं, नंतर किती जणींना मारलं, हे अनेक जणींनी वेगवेगळं सांगितल्यावरच दिसतो. म्हणून साक्षीदारांची संख्या आणि त्यांनी एकमेकींच्या साक्षी घोकलेल्या नसणं, दोन्ही हवं. स्पर्श न करताही लैंगिक हिंसा होते, हेही याच निकालात आलं. एका विद्यार्थिनीला कार्यालयाच्या आवारात, लोकांसमोर, नग्न करून कसरती करायला लावल्या होत्या.

अकायेसु पंधरापैकी नऊ आरोपांत दोषी ठरला. त्या नवांतला एक, तेरावा आरोप, बलात्काराचा होता.

साक्ष कुठे मोडते, हेही या खटल्याने शिकवलं. एकच बाई पत्रकाराला सांगते, मदत संस्थेला सांगते, दोन तपासनिसांना सांगते. किन्यारवांडा या रवांडाच्या भाषेत बोललेलं दुभाष्यातून फ्रेंच किंवा इंग्रजीत उतरतं. चार कागद जुळत नाहीत आणि बचावपक्षाचा वकील त्या फटीत बोट घालतो. तारीख, अंतर, नकाशावरची जागा याबद्दल अनेक साक्षीदार अडखळल्या. न्यायालयाने हे खोटेपणाचं लक्षण मानलं नाही. आघात, मध्ये गेलेला काळ आणि भाषांतर यांचा विचार करून समोर शपथेवर सांगितलेल्याला वजन दिलं. बलात्काराच्या साक्षीला दुसऱ्या पुराव्याचा दुजोरा लागणार नाही आणि बाईचं पूर्वीचं लैंगिक आयुष्य पुरावा म्हणून येणार नाही, असा न्यायाधिकरणाचा नियमही होता. सगळीकडे असं वजन मिळेलच, असं धरून चालता येत नाही. म्हणून आम्ही आता सविस्तर जबाब शक्यतो एकदाच, प्रशिक्षित माणसाकडून घेतला जावा यासाठी आग्रह धरतो. त्याआधी बाईला सांगतो की कागद कोणाकोणाच्या हाती जाईल, ती मध्येच थांबू शकते आणि नकार दिला तरी मदत चालूच राहील. शेवटची गोष्ट नुसती सांगून भागत नाही, तशी वागणूक आधीपासून दिसावी लागते.

ताई, इथे आमच्याकडचं एक लिहायला हवं. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, अशा तर्काने सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून विचारलं की ठाण्यात, रात्री, पोलिसासमोर गप्प राहणं म्हणजे संमती कशी? १९८३ मध्ये कायदा बदलला. तबाच्या बायकांनी अरुशात दिलेलं उत्तर याच प्रश्नाचं होतं, म्हणून तो निकाल आम्हाला परका वाटत नाही.

उपचारांची वेळ मात्र न्यायालय परत देऊ शकत नाही. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात; गर्भधारणा टाळणारी गोळी १२० तासांपर्यंतच. भारतात पोलीस तक्रार नाही म्हणून रुग्णालयाला उपचार नाकारता येत नाहीत, तरी बाईला आधी ठाण्यात पाठवलं जातं आणि तास निघून जातात. १९९४ च्या रवांडात ती दारंच बंद होती. पुढे अरुशाच्या कोठडीत आरोपींना एचआयव्हीची औषधं मिळत होती आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष देऊन घरी परतलेल्या बायकांना मिळत नव्हती. न्यायाधिकरणाला भरपाई देण्याचा अधिकारही नव्हता. आम्हाला हा त्या न्यायाचा सगळ्यात मोठा दोष वाटतो. साक्षीदाराचं औषध, प्रवास आणि परतल्यावरची सुरक्षितता हा खटल्याचाच खर्च आहे. तो दानधर्माच्या खात्यात टाकू नये.

आणि मुलं. बलात्कारातून झालेली मुलं वंशसंहारानंतर जन्मली, म्हणून वाचलेल्यांच्या सरकारी निधीसाठी ती ‘वाचलेली’ ठरली नाहीत. शाळेची फी आईवर पडली आणि बापाचं नाव विचारलं की सांगायचं काय, हा प्रश्नही तिच्यावरच. तुम्ही या आयांना आणि मुलांना सेवोटात जागा दिली. मुलाला सत्य केव्हा आणि कोणी सांगायचं हे आईने ठरवावं, पण सांगताना तिच्या बाजूला कुणीतरी असावं, हे आम्ही आमच्या समुपदेशनात पाळतो. त्यासाठी आणि बाकी सगळ्यासाठी मनापासून आभार.

आपल्या ऋणी,
महाराष्ट्रातल्या काही वकील, समुपदेशक आणि कार्यकर्त्या