रेघ कुठे ओढायची?

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास, "छातीत जंतू आहे की नाही ते कफ तपासला की कळतंच ना? मग त्यासाठी पाच वर्षं पीएचडी कशाला?" मी हसून विषय बदलला. खरं सांगू, राग आला होता. तुझा नाही, प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर मला दोन वाक्यांत देता येईना, त्याचा. म्हणून हे पत्र.

माझ्या जंतूचं नाव स्यूडोमोनास एरुजिनोसा. (लॅबमध्ये सगळेच 'माझा जंतू' म्हणतात, पाळल्यासारखं.) एरुजिनोसा म्हणजे तांब्यावरच्या कळंकाच्या रंगाचा. जखमांच्या पट्ट्या निळ्या-हिरव्या का होतात याचा माग काढताना कार्ल जेसार या फ्रेंच औषधनिर्मात्याला १८८२ साली तो सापडला. प्लेटवर वाढला की द्राक्षांसारखा गोड वास येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मला चक्क आवडला होता.

धडधाकट फुफ्फुसात त्याला थारा मिळत नाही. पण सिस्टिक फायब्रोसिसमध्ये एका जनुकातल्या दोषामुळे श्वासनलिकांतला स्राव घट्ट, चिकट होतो. ब्रॉन्किएक्टॅसिसमध्ये श्वासनलिका कायमच्या रुंदावतात आणि कफ साचून राहतो. अशा ठिकाणी हा शिरतो आणि मुक्काम ठोकतो. अगदी सुरुवातीला सापडला तर २८ दिवस टोब्रामायसिन या प्रतिजैविकाची वाफ देऊन त्याला बरेचदा हुसकावता येतं. एकदा का त्याने बायोफिल्म, म्हणजे चिकट थरातली वस्ती, बांधली, अल्जिनेटचं बुळबुळीत पांघरूण ओढलं, की औषधाने तो दबतो, पण जात नाही. सगळा खेळ त्या सुरुवातीच्या दिवसांचा आहे.

आणि नेमका तेव्हाच कफ दगा देतो. लहान मुलांना तो खोकून बाहेर काढता येत नाही, ती गिळून टाकतात. मग घशातून स्वॅब घ्यायचा, पण घशात जे आहे तेच फुफ्फुसात असेल असं नाही. दुर्बीण घालून खालचा नमुना काढता येतो, पण त्यासाठी मुलाला भूल द्यावी लागते, दर महिन्याला कोण देणार? शिवाय २०१९ पासून सिस्टिक फायब्रोसिसवर तीन औषधांची जी एकत्र गोळी आली, तिने अनेकांचा कफ जवळजवळ बंदच झाला. रुग्णांसाठी याहून चांगली बातमी नाही. आमची मात्र पंचाईत.

म्हणून जंतू शोधायचाच नाही, त्याचं बोलणं ऐकायचं. हे जंतू एकमेकांना रासायनिक निरोप धाडतात. आपण किती जमलोय याचा अंदाज घेतात आणि पुरेसे झाले की सगळे मिळून कामाला लागतात. याला कोरम सेन्सिंग म्हणतात. यांच्या निरोपांतले काही रेणू क्विनोलोन जातीचे आहेत. त्यातल्या मुख्य रेणूची, पीक्यूएसची, रचना १९९९ साली उलगडली. हे रेणू फुफ्फुसातून रक्तात आणि लघवीत उतरतात. मी ते मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणाऱ्या मशीनवर, मोजते. रक्तातली मात्रा पिकोमोलमध्ये, म्हणजे मोलच्या लाख-कोटीव्या भागांत! लघवीचा नमुना द्यायला कुणाला भूल लागत नाही, हे या कामाचं सगळ्यात मोठं सुख.

दुसऱ्या वर्षी एका निरोगी माणसाच्या लघवीत मला हा रेणू सापडला. तीन आठवडे झोप नाही. याच्या छातीत काही लपलंय का? की माझा बायोमार्करच, म्हणजे जंतूची खूण म्हणून धरलेला रेणूच, खोटा? शेवटी गाईडसमोर आलेख ठेवला. त्यांनी एवढंच विचारलं, "ब्लँक कुठे आहे?" ब्लँक म्हणजे दोन नमुन्यांमध्ये मशीनमधून सोडायचा कोरा द्राव. तो नव्हता. वेळ वाचवायला मी तो गाळला होता. हे रेणू तेलकट, पाण्याशी फटकून वागणारे, प्लास्टिकला आणि मशीनच्या कॉलमला, म्हणजे रेणू वेगळे करणाऱ्या नळीला, चिकटून बसतात. आधीच्या रुग्णाच्या भरगच्च नमुन्यातले राहिले आणि पुढच्या बिचाऱ्याच्या नावावर चढले. सगळी मालिका पुन्हा चालवली. त्या दिवसापासून दर नमुन्यामागे एक ब्लँक. मशीनवाले वैतागतात, वैतागू देत.

उलटा धक्का नंतर बसला. एका रुग्णाच्या कफात दर वेळी जंतू वाढत होता आणि लघवी मात्र कोरी. ब्लँक होते, कंट्रोल (उत्तर आधीच ठाऊक असलेले नमुने) होते, चूक सापडेना. मग उमगलं की वर्षानुवर्षं राहिलेला जंतू हा आला तेव्हाचा जंतू उरत नाही. पोहायची शेपटी टाकतो, हल्ल्याची हत्यारं म्यान करतो, बरेचदा त्याच्या लासआर या जनुकात बिघाड होतो आणि बोलण्याची तऱ्हाच बदलते. एखादा रेणू वाढतो, एखादा जवळजवळ थांबतो. मी एकाच रेणूला कान लावून बसले होते. आता तीन-चार एकत्र मोजते.

तरी तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथेही संपत नाही. मशीन 'आहे' किंवा 'नाही' म्हणत नाही, आकडा देतं. कुठल्या आकड्याच्या वर 'आहे' म्हणायचं, ती रेघ मला ओढायची असते. खाली ओढली तर निरोगी मुलांना उगाच औषध, वर ओढली तर एखाद्या मुलाचे ते सुरुवातीचे दिवस निसटणार. दोन्ही चुका शून्य होतील अशी जागा आलेखावर नाहीच, मी बरीच शोधली.

शेवटी मी असं केलंय. ज्या मुलाला हा जंतू कधीच झालेला नाही, त्याच्यासाठी रेघ बरीच खाली. पण ती ओलांडली म्हणून लगेच औषध नाही, आधी नीट नमुना घेऊन कल्चर, म्हणजे जंतू प्लेटवर वाढतो का ते पाहायचं. आणि जुन्या रुग्णासाठी रेघच नाही, त्याचा आजचा आकडा त्याच्याच मागच्या आकड्याशी ताडायचा. गाईड म्हणाले, "एकाच थिसिसमध्ये दोन न्याय? परीक्षक सोलून काढतील." मी म्हटलं, प्रश्नच दोन आहेत, 'आला का' आणि 'वाढला का'. ते गप्प झाले. पटलं म्हणून की दमले म्हणून, कळलं नाही.

चौथं प्रकरण सोमवारी त्यांना पाठवलंय. तू पण वाच, निदान पहिली दहा पानं. जिथे अडशील तिथे पेन्सिलीने खूण कर आणि तसंच परत धाड. फोनवर नको, फोनवर मी पुन्हा विषय बदलेन.

तुझी,
जंतूवाली